अकरा राजीनामे

हे लिहावं की नाही, यात दोन वर्षं गेली. दोनदा लिहून फाडलं. मी लिहिलेलं वाचलं की घडलं होतं त्यापेक्षा ते नेहमी जरा बरं वाटतं, आणि माझ्या बाबतीत धोका नेमका तिथेच असतो. आताही तसंच होत असेल. वाचणाऱ्याने माझ्या भाषेवर फार भरवसा ठेवू नये, एवढंच आधी सांगतो.

मी दात तयार करणाऱ्या एका कारखान्यात पत्रव्यवहार सांभाळत होतो. कारखाना म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. दातांचे डॉक्टर रोग्याच्या जबड्याचा ठसा घेऊन डबीतून आमच्याकडे पाठवत. मागच्या खोलीत त्या ठशात प्लास्टर ओतून जबडा तयार होई. मधल्या खोलीत त्यावर मेणाचा दात कोरला जाई. पुढच्या खोलीत खिडक्या मोठ्या होत्या. तिथे भट्टीतून पक्का दात निघे, कारण दाताचा रंग दिवसाच्या उजेडातच पारखावा लागतो. दाताला नुसतं पांढरा म्हणणारा माणूस आमच्याकडे अडाणी ठरे. आमच्याकडे सोळा पांढरे होते.

माझं टेबल जिन्याच्या तोंडाशी. आलेल्या डब्या नोंदवायच्या, डॉक्टरांना पत्रं पाठवायची, उशीर झाला तर माफी मागायची, दात बसला नाही तर खेद व्यक्त करायचा. खणात नेहमी एखादं पुस्तक असे, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. मी कुठल्याही शाळेत कधी शिकवलेलं नाही. चार माणसांसमोर उभं राहिलो की माझी जीभ टाळूला चिकटते.

मालकांना आम्ही साहेब म्हणत असू. साहेब कधी ओरडत नसत, हे पहिल्यांदाच सांगायला हवं, कारण पुढे चौकशीत हाच मुद्दा त्यांच्या बाजूने फार कामी आला. ते हळू बोलत. खांद्यावर हात ठेवून बोलत. आणि त्यांनी बरण्या ठेवल्या होत्या.

प्रत्येक कारागिराची एक काचेची बरणी. जो दात साहेबांच्या नजरेत उतरला नाही, तो त्या बरणीत जाई. शनिवारी सकाळी काम सुरू होण्याआधी सगळ्यांनी आपापल्या टेबलाजवळ उभं राहायचं. साहेब एकाची बरणी उचलत, त्याच्या कानाशी नेऊन हलवत. "ऐकू येतंय?" ते विचारत. "हा तुमचा आठवडा." मग बाकीच्यांनी एकेक करून त्या माणसाचा एक दोष सांगायचा. मनापासून सांगायचा. "आपण एक कुटुंब आहोत," साहेब म्हणत, "कुटुंबात लपवाछपवी नसते."

मलाही बरणी होती. तिच्यात चुकलेल्या पत्रांच्या घड्या असत. ती हलवली तर आवाज येत नसे, म्हणून साहेब ती टेबलावर उपडी करत आणि एखादी घडी उलगडून मोठ्याने वाचत.

दोष सांगायची पाळी आली की मी नेहमी एकच सांगत असे: "थोडी घाई होते." मला वाटे, हे कुणाला लागणार नाही. पुढे भट्टीवाल्याने मला सांगितलं, "बाकीच्यांचं मी कधी मनावर घेतलं नाही, मास्तर. पण तुम्ही म्हणालात ते घरीसुद्धा डोक्यात घुमत राहायचं. वाटायचं, मास्तरसुद्धा म्हणतात म्हणजे खरंच असणार."

हा भट्टीवाला सोडून जाणारा पहिला. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत कोरा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"मास्तर, राजीनामा लिहून द्या. मी लिहिलं तर नुसत्या शिव्या येतील."

"तरी तुम्ही काय लिहिलंय ते बघू."

त्याने खिशातून चिठ्ठी काढली. तीत एकच वाक्य होतं: तुम्ही माणूस नाही. अक्षरं इतकी दाबून लिहिली होती की कागदाच्या मागे हात फिरवला असता तर वाचता आली असती.

मी त्याला समजावलं. आपला धंदा लहान. सगळे कारखानदार एकमेकांना ओळखतात, नवीन माणूस घ्यायचा तर आधी जुन्याला फोन करतात. जाताना दार आपटू नये. राग घरी न्यावा, कागदावर आणू नये. मग मी त्याला मसुदा करून दिला. कौटुंबिक कारण, एक महिन्याची पूर्वसूचना, हातातलं काम पूर्ण करून देण्याची हमी, आणि शेवटी: 'आपल्या मार्गदर्शनाखाली मला जे शिकायला मिळाले, त्याबद्दल मी सदैव ऋणी राहीन.'

आधी मी 'कायम' लिहिलं होतं. मग खोडून 'सदैव' केलं. वाक्य चालीत बसलं आणि मला बरं वाटलं. हे आठवलं की आज अंगावर काटा येतो.

भट्टीवाल्याने ते आपल्या अक्षरात उतरवून घेतलं. साहेबांनी वाचलं, त्याच्या पाठीवर थोपटलं आणि अनुभवाचा दाखला दिला. दाखला हा आमच्या धंद्यातला परवाना. तो नसेल तर कुणी भट्टीजवळ उभं करत नाही. त्याला पंधरा दिवसांत दुसरीकडे काम लागलं. बातमी पसरली. त्यानंतर ज्याला जायचं असे तो जेवणाच्या सुट्टीत कोरा कागद घेऊन माझ्याकडे येई. पुढेपुढे कुणी माझ्या टेबलाशी जरा रेंगाळलं तरी मधल्या खोलीतून आवाज येई, "काय हो, मास्तरांकडे लागलात वाटतं?" आणि सगळे हसत. चार वर्षांत अकरा माणसं गेली. अकरा मसुदे मी केले. प्रत्येकाचं कारण वेगळं लिहिलं, कुणाची आई आजारी, कुणाचं घर लांब. शेवटचं वाक्य मात्र तेच ठेवलं. ते बदलायची गरज वाटली नाही. ते चालत होतं.

मी लोकांना मदत करतोय अशी माझी खरंच समजूत होती.

मेणाच्या टेबलावर ताई बसत. वय चाळिशीचं, माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान, पण सगळ्यांच्या ताई, म्हणून माझ्याही. मेणाचा थेंब टाकून बारीक सुरीने त्या दाढेच्या माथ्यावरच्या चिरा कोरत, तेव्हा आजूबाजूला बोलणारा माणूस आपोआप गप्प होई. हात चालू असताना तोंडही चालू असे. मला म्हणत, "मास्तर, तुमच्या पुस्तकात दात दुखणारी माणसं नसतात का हो? सगळी प्रेमातच कशी पडलेली?"

एका शनिवारी पाळी पॉलिशवाल्याची होती. साठीला टेकलेला गरीब माणूस, हात थरथरायला लागले होते, त्यामुळे बरणी अर्धी भरलेली. साहेबांनी ती त्याच्या कानाशी हलवली. एकेकाने दोष सांगितले. मी म्हणालो, थोडी घाई होते. तो माणूस इतका सावकाश काम करायचा की मागून कुणीतरी हसलं.

ताईंची पाळी आली.

"यांचा दोष एवढाच," त्या म्हणाल्या, "की हे अजून इथे आहेत."

"ताई, मनापासून सांगायचं," साहेब हळू आवाजात म्हणाले.

"मनापासूनच सांगितलं. नाही पटलं? मग थांबा." त्यांनी साहेबांच्या हातातून बरणी घेतली, मागच्या खोलीत गेल्या आणि प्लास्टरची भांडी धुवायच्या हौदात ती सोडून दिली. काच फुटल्याचा आवाज आला. 

सोमवारी साहेबांनी मला आत बोलावलं. "ताईंना काढायचंय. पत्र करा. तुमच्या भाषेत करा."

मी केलं. 'हेतुपुरस्सर नुकसान आणि शिस्तभंग यांमुळे आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे.' आणि त्याखाली, कुणी सांगितलेलं नसताना: 'आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.' ताईंनी ते माझ्या टेबलासमोर उभं राहून वाचलं, दोनदा वाचलं, आणि डबा उचलून जिना उतरून गेल्या. दाखला मिळाला नाही.

त्याच दुपारी मी माझा राजीनामा लिहिला. दुसरं काही करता येईल असं मला सुचलं नाही. संध्याकाळी घरी येऊन हिला वाचून दाखवला. ही भाजी चिरत होती.

"ऋणी?" ती म्हणाली. "तुम्ही? त्या माणसाचे?"

"पद्धत असते तशी."

"तुम्हाला काय आता दुसरीकडे नोकरी करायचीय? त्रेसष्ट पूर्ण झाली. दाखला घेऊन काय भिंतीला लावणार? कुणाला भिताय?"

"भीत नाही. शोभून दिसावं म्हणून."

"तुम्हाला कुणी जिन्यावरून ढकललं ना," ती सुरी खाली ठेवत म्हणाली, "तर तुम्ही पायरीची माफी मागाल."

तरी मी तोच राजीनामा दिला. साहेबांनी वाचला, घडी घातली. म्हणाले, "मास्तर, पत्र असं असावं." खरं सांगतो, एक क्षण मला आनंद झाला.

नोटिशीच्या महिन्यातला दुसरा आठवडा असेल, ताई घरी आल्या. चपला काढता काढताच बोलायला लागल्या. त्यांनी कामगार कचेरीत तक्रार दिली होती: छळ केला, खोटं कारण दाखवून काढलं, दाखला अडवला. तीन कारखान्यांत जाऊन आल्या होत्या. तिन्ही ठिकाणी आधी हात बघून खूश, आणि फोन झाल्यावर जागा भरलेली.

"पण आता बघा मास्तर," त्या खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाल्या. "चौकशीवाल्या बाई चांगल्या आहेत. मी त्यांना म्हटलं, माझं एकटीचं राहू द्या. चार वर्षांत अकरा माणसं गेली, ती का गेली? त्यांचे राजीनामे मागवा. म्हणजे कळेल. बाईंनी लगेच साहेबांना पत्र धाडलं, अकराच्या अकरा घेऊन या म्हणून. सुचलं की नाही मला?"

 ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

"सांगा की," ती म्हणाली.

"काय सांगा?" ताई म्हणाल्या.

मी सांगितलं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की मास्तर भाषा नीट करून देतात. त्या कधी कागद घेऊन माझ्याकडे आल्याच नव्हत्या. मी त्यांना वाक्य म्हणून दाखवलं. पाठच होतं.

"अकराच्या अकरांत?"

"हो."

"म्हणजे मी बाईंना सांगून मागवलं, ते हे."

हिने पाणी आणून दिलं. ताईंनी ते हातात धरून ठेवलं. मग एकदम हसल्या, अगदी कामावर हसत तशा. "त्या शुभेच्छापण तुमच्याच होत्या ना? मला वाटलंच. साहेबांना कुठल्या सुचायला." पाणी पिऊन झाल्यावर त्यांचा चेहरा बदलला. "पण मग सोपंच आहे की! तुम्ही या. लिहिणाराच साक्षीला आला तर संपलं. सांगा बाईंना, हे सगळं मी लिहिलं, नुसती रीत म्हणून लिहिलं, खरं वेगळंच होतं. बरण्यांचं सांगा. याल ना?"

"येईन."

"तोंडाने सांगा हं मास्तर. लिहून नका आणू. तुम्ही लिहिलंत की त्याला इस्त्री होते."

मी हो म्हणालो. त्या गेल्यावर हीसुद्धा तेच म्हणाली. "नुसतं बोला. दोन मिनिटं जीभ चालवायची. एवढं करा, बाकी काही करू नका."

भट्टीवाल्याला ताईंनी फोन केला होता. तो म्हणाला, "ताई, मी आता दुसरीकडे आहे. साहेब आणि माझे नवे मालक एकमेकांकडे जेवायला जातात. मला नका ओढू." बाकीच्यांनी थोड्याफार फरकाने तेच सांगितलं. मी हे त्यांच्याविरुद्ध म्हणून लिहीत नाही. जाताना दार आपटू नये, हे त्यांना शिकवलं कुणी?

म्हणजे उरलो मी.

रोज सकाळी फिरायला गेलो की मनातल्या मनात बोलण्याची तालीम करायचो. 'बाई, साहेब बरणी कानाशी हलवत.' एवढं वाक्य. बागेतल्या बाकावर बसून ते पुटपुटलो तरी घाम फुटायचा. चारचौघांत, समोर साहेब असताना, ते तोंडातून निघेल याची मला खात्री वाटेना. चौकशीच्या तीन दिवस आधी मी कागद घेतला. स्वतःशी म्हटलं, नुसता जवळ असावा. अडखळलो तर आधाराला.

पहिला मसुदा बरा होता. कापऱ्या अक्षरात, वाक्यं तुटकी, पण सगळं होतं: हौद, बरणी, पॉलिशवाल्याचा कान. दुसऱ्या दिवशी वाचला तेव्हा त्यात राग दिसला. रागावलेल्या साक्षीदारावर कोण विश्वास ठेवणार, असं मला वाटलं. सगळ्या बाजू मांडल्या तर म्हणण्याला वजन येईल. मी दुरुस्त्या केल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा केल्या. मग स्वच्छ प्रत काढली आणि पहिला कागद फाडून टाकला. हिला दाखवला नाही. का दाखवला नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

कामगार कचेरीतली ती खोली लांबट होती. एका बाजूला कपाटांवर बांधलेले गठ्ठे, मध्ये टेबल, खिडकीचं एक तावदान पुठ्ठ्याने बुजवलेलं. चौकशी अधिकारी बाई पन्नाशीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला, दमलेल्या पण नीट ऐकून घेणाऱ्या. ताई एका कडेला, धुतलेल्या इस्त्रीच्या कपड्यांत. साहेब दुसऱ्या कडेला, मांडीवर फाईल. मी आत आलो तर बसायला जागा नव्हती. साहेब चटकन उठले.

"मास्तर, इथे बसा. तुमचे गुडघे दुखतात." त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले.

"धन्यवाद, साहेब," मी म्हणालो.

ताईंनी डोळे मिटून घेतले. क्षणभरच.

बाईंसमोर अकरा कागद पसरलेले होते. "अकरा जणांची अक्षरं," त्या म्हणाल्या, "आणि शेवटचं वाक्य एकच. मलाही हे विचित्र वाटलं होतं. ताई म्हणतात, मसुदे तुमचे. खरं?"

"हो."

"या माणसांना खरंच ऋणी वाटत होतं का?"

मी तोंड उघडलं. समोर साहेब होते, चेहऱ्यावर काळजी, जणू मी आजारी आहे. बरणीचं वाक्य घशापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.  

"मास्तर," ताई हळूच म्हणाल्या, "बोला ना."

मी खिशातून कागद काढून बाईंच्या पुढे ठेवला.

ताई म्हणाल्या, "नको." पण बाईंनी चष्मा लावला होता. त्या मोठ्याने वाचायला लागल्या.

"'साहेबांची काम करून घेण्याची शैली काही प्रसंगी काही कर्मचाऱ्यांना कठोर वाटत असे, असे माझे नम्र मत आहे.' कठोर वाटत असे. म्हणजे ती कठोर होती, की यांना वाटायची?"

"होती," मी म्हणालो. आवाज मलाच ऐकू आला नाही.

"'चुकांचे नमुने जतन करण्याची एक प्रथा होती. तिच्या उपयुक्ततेविषयी मतभेद संभवतात.' हे बरण्यांबद्दल?"

"हो."

"ताईंनी सांगितलं की ती बरणी माणसाच्या कानाशी हलवत. ते यात नाही."

"हलवत."

"मग लिहिलं का नाही?"

मी काय सांगणार? पहिल्या मसुद्यात होतं, असं?

बाईंनी चष्मा काढला. त्या रागावल्या नव्हत्या, तेच अवघड होतं. "मास्तर, ताई म्हणतात, अकरा पत्रांतलं वाक्य तुम्ही रीत म्हणून लिहिलं. साहेबांनी तुमचा स्वतःचा राजीनामाही दिलाय, हा बघा, बारावा. तुम्हाला दाखल्याची गरज नाही, कुणाचा दबाव नाही, तरी तेच वाक्य. ताईंना काढल्याचं पत्रही तुमचंच, त्यात शुभेच्छा. आणि आता हे निवेदन. यातलं कुठलं खरं मानायचं आणि कुठलं रीत म्हणून सोडून द्यायचं, ते मी कसं ठरवू?"

साहेब भिंतीजवळून म्हणाले, "बाई, मास्तरांना त्रास देऊ नका. साधा माणूस आहे. दोघांचंही भलं बघतो."

त्यांनी माझी बाजू घेतली. त्या दिवशी माझ्या बाजूने बोलणारे तेवढे एकटेच.

निकाल लागला नाही. तसा त्याला निकाल म्हणत नाहीत. बाईंनी सुचवलं की पुढच्या तारखेपर्यंत आपसात मिटवा. कागदावर पुरावा उभा राहत नाही, तक्रार फेटाळली गेली तर ताईंच्या नावावर तो शिक्का बसेल. साहेब म्हणाले, माझं काहीच म्हणणं नाही. ताईंनी तक्रार मागे घ्यावी, झालेल्या प्रकाराबद्दल दोन ओळी लिहून राजीनामा द्यावा. काढल्याचं पत्र फाडून टाकू, दाखला देऊ.

कचेरीच्या पायऱ्यांवर मी ताईंना गाठलं. माफी मागायची होती. त्या म्हणाल्या, "आज काही बोलू नका मास्तर. आज बोलायला लागाल आणि मला हसू येईल." आणि रस्ता ओलांडून गेल्या.

तीन दिवसांनी माझी नोकरी संपली. साहेबांनी सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलावलं, मोठ्या खिडक्यांच्या उजेडात. माझा राजीनामा वाचून दाखवला. शेवटच्या वाक्यावर थांबले, म्हणाले, "जाताना असं जावं. शिका." मग माझी बरणी पुढे केली. धुऊन पुसून लख्ख. "आता रिकामी आहे," ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पॉलिशवाल्यानेही वाजवल्या, थरथरत्या हातांनी, सगळ्यांत शेवटपर्यंत.

बरणी मी घरी आणली. हिने झाकण उघडून आत पाहिलं आणि ती कचऱ्याच्या बादलीशेजारी ठेवली.

ताई आल्या त्यानंतरच्या आठवड्यात, सकाळी. हातात कोरा कागद होता. तो बघून मला कळलं, आणि हिलाही कळलं, कारण ती आत निघून गेली.

"चौथ्या ठिकाणीही नाही म्हणाले," ताई बसत म्हणाल्या. "मेण सोडून मला दुसरं काही येत नाही हो. द्या लिहून."

"ताई, मी नको लिहायला. दुसऱ्या कुणाकडून..."

"दुसरं कोण? साहेबांनी निरोप दिलाय, मास्तरांकडूनच करून घ्या म्हणून. त्यांना आवडतं तुमचं." त्यांनी कागद माझ्यासमोर सरकवला. "मसुदा द्या, मी उतरवते."

मी लिहिलं. गैरसमजातून तक्रार केली होती, ती मागे घेत आहे. अनवधानाने बरणी फुटली, त्याबद्दल दिलगीर आहे. घरगुती कारणास्तव राजीनामा देत आहे. तिथे थांबलो आणि कागद त्यांच्याकडे दिला.

त्यांनी वाचला. "ते वाक्य राहिलं."

"ते नको घालायला, ताई. एवढं पुरे आहे."

"नको कसं? अकरा जणांच्या पत्रात आहे आणि माझ्यात नसेल तर साहेब विचारतील की नाही? दाखला अडवतील. घाला." मी पेन उचललं नाही, तेव्हा त्याच म्हणाल्या, एकेक शब्द सुटा करून, "आपल्या. मार्गदर्शनाखाली. मला. जे. शिकायला. मिळाले."

मी लिहिलं.

त्या उतरवायला बसल्या. मेण कोरताना बसत तशाच बसल्या होत्या, मान तिरकी, मनगट टेबलाला टेकवून, ओठ घट्ट मिटलेले. नखांत अजून मेण होतं, महिना होऊन गेला तरी. पंख्याने कागद उडत होता म्हणून मी दुसऱ्या टोकाला बोट ठेवून उभा राहिलो. अक्षर सुरेख होतं. अकरांत इतकं सुरेख कुणाचंच नव्हतं. 'सदैव' शब्दापाशी त्या थांबल्या. मला वाटलं, काहीतरी म्हणतील. त्यांनी पूर्ण केलं, सही केली.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"दोन प्रती लागतात," मी म्हणालो. "एकीवर त्यांची पोच घ्यायची असते. ती तुमच्याकडे ठेवायची."

"मला कशाला हवी ती?"

 माझ्या तोंडून निघालं, "तशी पद्धत आहे."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग हात पुढे केला. मी टेबलाच्या खणातून दुसरा कोरा कागद काढून दिला, त्यांनी तो पहिल्याशेजारी सरळ लावून घेतला, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला लागल्या. मी कागदाचं टोक धरून उभा होतो.